कम्प्युटर किरायाचा, वही आपली!

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन काढणीचे दिवस आठवा. शेतात गंजी लावून ठेवलेली असते. आभाळात एखादा काळा ढग दिसला, की घरातल्या मोठ्या माणसांचा जीव वर-खाली होतो. मग थ्रेशरवाल्याला निरोप जातो. तो येतो, धुरळा उडवत मळणी करून देतो, पोत्यामागं ठरलेले पैसे घेतो आणि पुढच्या शेताकडे निघतो. आता सांगा, गावात स्वतःचा थ्रेशर किती जणांकडे असतो? बोटांवर मोजण्याइतक्यांकडे. पण सोयाबीन मात्र सगळ्यांचंच निघतं!

म्हणजे मोठं यंत्र विकत घ्यायचं नाही, लागेल तेवढ्यापुरतं किरायानं घ्यायचं, ही युक्ती आपल्या वऱ्हाडाला काही नवीन नाही. नांगरटीचा ट्रॅक्टर तसाच, लग्नातली भांडी आणि मंडपही तसाच. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, त्यांच्या वेळी सायकलसुद्धा तासावर मिळायची. तास भरत आला की पोरं जीव तोडून पायडल मारत दुकान गाठायची!

आज मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे, ती याच युक्तीची आहे. फक्त यंत्र थोडं वेगळं आहे. ते यंत्र म्हणजे कम्प्युटर. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चांगला कम्प्युटर नाही. कितीतरी शाळांमधले कम्प्युटर जुने, हळूहळू चालणारे. त्यामुळे पुष्कळ मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, की कम्प्युटरला कामाला लावणं, म्हणजे कोडिंग करणं, हे शहरातल्या, पैसेवाल्या घरच्या मुलांचं काम. हे खरं आहे का? चला, जरा तपासून पाहू.

ही वही असते तरी कशी?

तुम्ही मोबाइलवर किंवा कम्प्युटरवर इंटरनेट पाहता, तेव्हा ज्या खिडकीतून पाहता तिला ब्राउझर म्हणतात. त्याच खिडकीत एक वही उघडता येते. तिला ‘नोटबुक’ असंच नाव आहे. ही वही चौकटी-चौकटींची असते. काही चौकटींत आपण साध्या भाषेत लिहायचं, अगदी मराठीतसुद्धा. काही चौकटींत कम्प्युटरला समजेल अशी आज्ञा लिहायची. आज्ञा लिहून शेजारचं बटण दाबलं, की उत्तर त्या चौकटीच्या लगेच खाली उमटतं. उत्तर आकड्यांत असेल, नाही तर आलेख असेल, चित्र असेल, आवाजसुद्धा असेल!

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवलं आणि आठवडाभर रोज सकाळी पाऊस मोजला. पहिल्या चौकटीत तुम्ही मराठीत लिहाल : ‘आमच्या शाळेच्या अंगणातला पाऊस, मिलिमीटरमध्ये. रोज सकाळी आठ वाजता मोजला.’ दुसऱ्या चौकटीत आकडे :

पाऊस = [१२, ०, ३५, ८, ०, ०, २२]

तिसऱ्या चौकटीत कम्प्युटरला सांगायचं, की ‘पाऊस’मधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज कर. बटण दाबताच खाली उत्तर येईल : ७७. चौथ्या चौकटीत सांगायचं, की या बेरजेला सातानं भाग. उत्तर : ११. म्हणजे दिवसाला सरासरी ११ मिलिमीटर पाऊस पडला.

तुम्ही म्हणाल, ‘हे तर आम्ही पाटीवर करू!’ अगदी बरोबर. सात आकडे पाटीवर होतात. पण तीस वर्षांच्या रोजच्या पावसाचे आकडे असतील तर? ते होतात जवळजवळ अकरा हजार. त्यातून ‘कोणत्या वर्षी जून कोरडा गेला’ हे शोधायचं, तर पाटी पुरणार नाही. या वहीत मात्र आज्ञा जवळपास तेवढ्याच ओळींची राहते. सात आकडे असोत की अकरा हजार!

आणि एक गंमत सांगू? वर ‘पाऊस’ हे नाव मराठीत लिहिलं आहे ना, ते मी तुमच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही. या वहीत सर्रास वापरली जाणारी भाषा म्हणजे ‘पायथॉन’. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी ती १९९१ साली जगापुढे ठेवली. तिच्या आजच्या आवृत्तीत आपण माहितीला दिलेली नावं खरोखरच देवनागरीत चालतात. ‘पाऊस’, ‘संत्री’, ‘गुण’ अशी नावं ती बिनतक्रार ओळखते. तिचे स्वतःचे ठरलेले शब्द मात्र इंग्रजीच राहतात, आणि यादीतले आकडेही इंग्रजी आकड्यांतच टाकावे लागतात. म्हणजे वर छापलेली ओळ वहीत उतरवाल, तेव्हा नाव मराठीत, आकडे इंग्रजीत, एवढं लक्षात ठेवा.

गुरूच्या नावाची वही

या वहीचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रकार आहे ‘ज्युपिटर नोटबुक’. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू ग्रह. आता कम्प्युटरच्या वहीला ग्रहाचं नाव कशाला?

त्यासाठी चारशे वर्षं मागं जाऊ. ७ जानेवारी १६१० च्या रात्री इटलीत गॅलिलिओनं आपली दुर्बीण गुरूकडे वळवली. गुरूजवळ त्याला तीन लहान तारे एका ओळीत दिसले. त्यानं वहीत त्यांचं चित्र काढलं. दुसऱ्या रात्री पाहतो, तर त्या ताऱ्यांच्या जागा बदललेल्या! तो रोज पाहत गेला, रोज चित्र काढत गेला. १३ जानेवारीला चौथा तारा दिसला. त्या चित्रांवरूनच त्याच्या ध्यानात आलं, की हे तारे नाहीत, हे गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत! आकाशातलं सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही, याचा तो मोठा पुरावा ठरला.

पाहा बरं, गॅलिलिओनं नुसतं ‘गुरूला चार चंद्र आहेत’ एवढं उत्तर लिहून सोडलं असतं, तर कोणी विश्वास ठेवला असता का? त्यानं रात्रीमागून रात्र काय दिसलं, ते दाखवलं. तीच वही त्याची साक्षीदार झाली.

आता उडी मारून येऊ २००१ सालात. कोलंबिया देशातून आलेला फर्नांडो पेरेझ नावाचा एक तरुण अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होता. त्याचा प्रबंध लिहायचा बाकी होता. पण तो टाळून (तुम्ही गृहपाठ टाळता तसा!) तो पायथॉनशी खेळत बसला. आज्ञा द्यावी, लगेच उत्तर पाहावं, मग पुढची आज्ञा सुचावी, अशी सोय त्याला हवी होती. त्यानं ती स्वतःच तयार केली. पहिली आवृत्ती अवघ्या २५९ ओळींची होती. पुढे अनेक देशांतले मित्र त्याला येऊन मिळाले. २०११ साली हे काम ब्राउझरमधल्या वहीच्या रूपात आलं आणि २०१४ साली त्याला ‘ज्युपिटर’ नाव मिळालं. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन संगणकभाषांच्या नावांतली अक्षरं जोडून ते केलं आहे. शिवाय गॅलिलिओच्या त्या वहीचीही आठवण. ही वही कोणालाही फुकट घेता येते, तिच्यात बदलही करता येतो.

‘मंग हा कम्प्युटर हाय कोठं?’

वर्गात हे सांगताना मी एकदा ‘क्लाउड’ हा शब्द वापरला आणि त्याचा अर्थ सांगितला, ढग. लगेच मागच्या रांगेतून आवाज आला, “सर, मंग हा कम्प्युटर हाय कोठं? ढगात? पानी आलं तर भिजन ना थो!”

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न एकदम बिनतोड आहे. कम्प्युटर ढगात नसतो. तो जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती असतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आत कपाटांच्या रांगाच रांगा आणि प्रत्येक कपाटात थरावर थर रचलेले कम्प्युटर. ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस गार ठेवावे लागतात. वीज गेली तर लगेच जनरेटर सुरू होतात. अशी केंद्रं आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली पुण्यात, ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत आणि गुगलनं २०१७ साली मुंबईतच आपली केंद्रं सुरू केली.

तुम्ही ब्राउझरमध्ये वही उघडता, आज्ञा लिहिता आणि बटण दाबता. ती आज्ञा इंटरनेटवरून अशा एखाद्या केंद्रातल्या कम्प्युटरकडे जाते. बेरीज, भागाकार, आलेख, सगळं तिथं होतं. तयार उत्तर तेवढं परत येऊन तुमच्या खिडकीत दिसतं. म्हणूनच तुमच्या समोरचा कम्प्युटर जुना, हळू चालणारा असला तरी फारसं बिघडत नाही. त्याला फक्त खिडकी उघडून द्यायची असते. घाम गाळायचं काम दुसरीकडे चाललेलं असतं. मोबाइलवरही हे जमतं, फक्त एवढ्याशा पडद्यावर टाइप करताना बोटं कंटाळतात.

रांगेपासून किरायापर्यंत

एक मोठा कम्प्युटर अनेकांनी वापरायचा, ही कल्पना इंटरनेटच्याही आधीची आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘सीडीसी ३६००’ नावाचा कम्प्युटर आला. त्या काळी असे कम्प्युटर देशात फारच थोडे. म्हणून वेगवेगळ्या संस्थांतले शास्त्रज्ञ आपली गणितं घेऊन तिथं जात. आज्ञा कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहायच्या. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि मग उत्तराचा कागद घ्यायचा. एका कार्डावर एक भोक चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून रांग!

अमेरिकेत जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञानं १९६१ सालीच एका भाषणात म्हटलं होतं, की पुढे कधीतरी कम्प्युटरची ताकद टेलिफोनसारखी घरोघरी पुरवता येईल. ज्यानं जेवढी वापरली, तेवढे पैसे द्यावे. त्याचं म्हणणं खरं व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. २००६ साली ॲमेझॉन कंपनीनं आपले कम्प्युटर इंटरनेटवरून तासाच्या हिशेबानं द्यायला सुरुवात केली. लहान यंत्राचा दर होता तासाला दहा सेंट, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेचार रुपये. सायकलच्या दुकानासारखंच की नाही?

मधल्या काळात आपल्या वऱ्हाडच्या एका माणसानं काय केलं, तेही ऐका. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा हे एक खेडं. तिथं १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवे होते. अमेरिका आपले सगळ्यांत ताकदवान महासंगणक द्यायला तयार नव्हती. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली आणि भटकर तिचे प्रमुख झाले. एकच अचाट यंत्र बनवण्याऐवजी त्यांच्या चमूनं पुष्कळ लहान यंत्रं एकमेकांना जोडली आणि काम सगळ्यांत वाटून दिलं. शेतात निंदणाला वीस बाया ओळीनं बसल्या, की एका दिवसात वावर कसं साफ होतं, तसंच हे. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, भारतानं बनवलेला महासंगणक!

आज डेटा सेंटरमध्ये हीच गोष्ट चालते. पुष्कळ कम्प्युटर एकत्र जोडायचे आणि मागेल त्याला मागेल तेवढा वाटा द्यायचा. सी-डॅकनं पुण्यातच उभारलेला ‘परम सिद्धी’ हा महासंगणक २०२० सालच्या नोव्हेंबरमध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ व्या जागी होता. त्याचा वापर करणारे संशोधकही त्याच्याजवळ जाऊन बसत नाहीत. आपापल्या गावाहूनच त्याला काम सांगतात.

विश्वाचा आवाज, आपल्या खिडकीत

‘ठीक आहे सर, पण अशा वहीत मोठं काही होतं का?’ असं कोणी विचारलं, तर मी त्याला हिंगोलीचं नाव सांगतो.

आपल्या वऱ्हाडाला लागून हिंगोली जिल्हा आहे. तिथं औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ नावाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिचे दोन हात असतील, एकमेकांशी काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब! अशाच दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ला त्या दोन्ही वेधशाळांना एक थरथर जाणवली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. त्यामुळे उठलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवरून गेल्या. ही थरथर टिकली किती वेळ? सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग!

एवढीशी थरथर गोंगाटातून वेगळी कशी काढायची? जत्रेतल्या गलक्यात आपल्या आईची हाक आपण ओळखतो, कारण ती हाक कशी असते, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. शास्त्रज्ञही लहर कशी असेल, ते आधी गणितानं काढून ठेवतात आणि मग मोजमापांच्या गर्दीत तिच्याशी जुळणारी जागा शोधतात. ही पद्धत घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध १९९१ सालचा. पायथॉन १९९१, परम १९९१ आणि हा निबंधही १९९१!

आता मुख्य गोष्ट. ११ फेब्रुवारी २०१६ ला हा शोध जाहीर झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी मोजमापांचे आकडे सगळ्या जगासाठी खुले केले. सोबत काय दिलं माहीत आहे? एक नोटबुक! तीच आपली चौकटी-चौकटींची वही. तिच्यात ३२ सेकंदांची मोजमापं वापरली होती, सेकंदाला ४,०९६ मोजमापं. किती झाली? गुणाकार करा : १,३१,०७२. त्या वहीत एकेक चौकट चालवत गेलं, की गोंगाट कसा गाळला, लहर कशी सापडली, हे पायरी-पायरीनं दिसतं. शेवटी ती लहर आपल्या कानांना ऐकू येईल अशा आवाजातही बदलता येते. नोबेल मिळवणारा शोध आणि त्याचा सगळा गृहपाठ उघडा! तपासा, कोणीही तपासा. २०१७ साली या शोधाला खरोखरच नोबेल पारितोषिक मिळालं. लायगोची अशी नोटबुकं आज किरायाच्या कम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये चालवता येतात. त्यासाठी अमेरिकेला जायला नको, पुण्यालाही नको.

किरायाच्या घरात राहायची रीत

अशा वह्या चालवण्याची एक बरीच वापरली जाणारी जागा म्हणजे गुगलची ‘कोलॅब’. २०१७ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली. थोडा वापर फुकट आहे. पण किरायाचं घर ते किरायाचंच. त्यात राहायच्या काही रीती असतात.

पहिली रीत : वही वेगळी आणि यंत्र वेगळं, हे विसरायचं नाही. फुकटातलं यंत्र तुम्हाला फार तर बारा तास मिळतं, गर्दी असेल तर त्याहून कमी. तुम्ही बराच वेळ गप्प बसलात, तर ते दुसऱ्याला दिलं जातं. जाताना त्या यंत्रावर ठेवलेल्या फायली पुसल्या जातात. तुमची वही मात्र वेगळ्या कप्प्यात जपलेली असते. म्हणून पावसाच्या आकड्यांची फाइल यंत्रावर टाकून निर्धास्त राहायचं नाही. तिची एक प्रत आपल्या कप्प्यात आणि एक आपल्या घरी ठेवायची.

प्रतीचं महत्त्व आमच्या रिद्धपूरला कोणी सांगायला नको. मोर्शी तालुक्यातलं हे गाव. मराठी भाषा विद्यापीठही आता याच गावाचं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच गावी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना विचारून विचारून त्यांनी एकेक आठवण गोळा केली आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना ती पाठ होती, त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली. म्हणूनच आज तिचे वेगवेगळे पाठ सापडतात. माणसांच्या ध्यानात होतं, म्हणून ग्रंथ वाचला. किरायाच्या यंत्राला अशी आठवण नसते, बरं का!

दुसरी रीत : चौकटींचा क्रम सांभाळायचा. समजा तुमच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या दिवशीचा पाऊस ३५ नव्हे, ५३ होता. तुम्ही आकडा बदलला. पण खालच्या चौकटीत बेरीज अजून ७७ च दिसते! का? कारण आकड्यांची चौकट आणि बेरजेची चौकट तुम्ही पुन्हा चालवली नाहीत. दोन्ही ओळीनं चालवा, बेरीज ९५ होईल. चौकटीच्या डाव्या बाजूला एक छोटा क्रमांक असतो. चौकटी कोणत्या क्रमानं चालल्या, ते त्यावरून कळतं. वही कोणाला दाखवण्याआधी ती वरपासून खालपर्यंत एकदा नव्यानं चालवून पाहायची, ही चांगली सवय.

तिसरी रीत : दुसऱ्याच्या ओट्यावर घरची तिजोरी उघडायची नाही. आधार क्रमांक, फोन नंबर, पासवर्ड, मित्रांचे नावानिशी गुण असलं काही वहीत लिहायचं नाही. कोलॅबसाठी गुगलचं खातं लागतं आणि आपल्याकडे ते स्वतः उघडायला तेरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. लहान असाल तर आई-बाबांना सोबत घ्या. ज्युपिटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खातं न उघडताही वही चालवून पाहता येते.

चौथी रीत : मीटरकडे लक्ष ठेवायचं. पैसे देऊन मोठं यंत्र घेतलं आणि काम झाल्यावर बंद करायचं राहिलं, तर बिल वाढतच जातं. ट्रॅक्टर वावरात नुसता उभा ठेवला, तरी तासावरचे पैसे द्यावे लागतात ना, तसं. म्हणून मुलांनी पैशाच्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये. शिकायला फुकटातलं पुष्कळ आहे.

पाचवी रीत सगळ्यांत महत्त्वाची. आजकाल या वहीत शेजारी बसून कोड लिहून देणारा यांत्रिक मदतनीसही असतो. त्याला विचारायला हरकत नाही. पण त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ काय करते, ते वरच्या चौकटीत तुम्ही मराठीत लिहा. लिहिता आलं, तर ते तुम्हाला समजलं. लिहिता आलं नाही, तर अजून विचारायचं बाकी आहे, एवढंच.

करून पाहा

आता सुरुवातीचा प्रश्न. कोडिंग हे फक्त पैसेवाल्या घरच्या मुलांचं काम आहे का? रेंज नसेल, वीज गेली असेल, घरात एकच मोबाइल असेल आणि तोही बाबांसोबत वावरात गेला असेल, तर अडचण खरीच आहे. ती मी नाकारत नाही. पण यंत्र विकत घेणं, ही अट आता राहिलेली नाही. आणि वहीसाठी जे आधी लागतं, ते तर तुमच्या गावातच आहे : विचारण्यासारखा प्रश्न आणि नीट मोजलेले आकडे.

म्हणून कम्प्युटर मिळायची वाट न पाहता आजच कागदी वहीत सुरुवात करा. खालच्यातला एक प्रश्न निवडा आणि महिनाभर रोज नोंद ठेवा :

१. गावात नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ होतं?

२. मोर्शी किंवा वरूडच्या बाजारात संत्र्याचा भाव काय होता?

३. सकाळी दहा वाजता शाळेच्या झेंड्याच्या खांबाची सावली किती लांब होती?

४. दिवसातून वीज किती वेळा आणि किती वेळ गेली?

नोंद कोणी केली, कशानं मोजली, तेही लिहा. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं, तर ती जागा कोरी ठेवा. अंदाजानं आकडा भरू नका. महिना संपला, की शाळेतल्या कम्प्युटरवर किंवा मोठ्यांच्या मोबाइलवर, शिक्षकांच्या मदतीनं एक तास वही उघडा आणि आकडे भरा. बेरीज काढा, सरासरी काढा, मग आलेख काढा. वीज जास्त वेळा कोणत्या वारी जाते, सावली महिनाभरात वाढली की घटली, हे तुम्हाला दिसेल. कदाचित तुमच्या गावात ते आजवर कोणी मोजलेलंच नसेल!

आणि हो, पहिल्या चौकटीत मराठीत तारीख आणि आपल्या गावाचं नाव लिहायला विसरू नका.